एकही दोष आढळला नाही

“हेमा, नदी जठरात शिरली गं.”

गजराबाईंचं बोट कागदावर थांबलं होतं. मी हसले. त्या हसल्या नाहीत, म्हणून मग मीही ओठ मिटले.

“कुठली नदी?”

“कृष्णा. पान एक्केचाळीस. ‘कृष्णा नदी सांगली जिल्ह्यातून वा’ इथपर्यंत भूगोल हाय. ‘वाहते’ मधला ‘वा’ झाला, आणि पुढं लगेच ‘रसात पित्त मिसळते’. तिथनं चार पानं सगळं पोटच हाय. आतडी न् काय न् काय. मग पुन्हा नदी.”

ही गोष्ट २००१ सालच्या जानेवारीतली. कुपवाडच्या एमआयडीसीत एका ट्रस्टचा ब्रेल छापखाना होता. पत्र्याची शेड, एका बाजूला स्टोव्हचे बर्नर बनवणारे, दुसऱ्या बाजूला पापड. मध्ये आम्ही. राज्यभरातल्या अंधशाळांना पाठ्यपुस्तकं छापून पाठवायचो. कॉम्प्युटर माझ्याकडे, आणि छापलेलं तपासायचं काम गजराबाई कांबळ्यांकडे. पाचव्या वर्षी देवी आल्या आणि डोळे घेऊन गेल्या. तेव्हापासून उजव्या हाताचं पहिलं बोट हेच त्यांचं सगळं. बावीस वर्षं छापखान्यातून बाहेर पडलेला प्रत्येक कागद त्या बोटाखालून गेला होता.

आमचं काम कसं चालायचं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी पुस्तक मराठीत टाइप करायची. त्या फाइलवरून कॉम्प्युटर दुसरी, ब्रेलची फाइल तयार करायचा. ही दुसरी फाइल पडद्यावर उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, प्रश्नचिन्हं, जणू कुणी खिळ्यांचा डबा सांडलाय. ती कुणी बघायचं नाही. ती जायची ठिपके उठवणाऱ्या यंत्राकडे, त्याला आम्ही ठोक्या म्हणायचो, आणि ठोक्या दिवसभर ठोकत बसायचा. कागद निघाला की गजराबाईंचं बोट.

मला ब्रेल येत नव्हतं. चार वर्षं ब्रेलच्या छापखान्यात पगार घेतला आणि ब्रेल येत नव्हतं. शिवण्णा बाइंडरला येत नव्हतं, सेक्रेटरी मगदूमसाहेबांना येत नव्हतं. आम्हा डोळसांना त्याची गरजच वाटली नाही. गजराबाई होत्या ना.

मी उठून पडदा बघून आले. मराठी फाइल उघडली, कृष्णा नदी शोधली. ‘वाहते’ पूर्ण होतं, पुढे धरण होतं, ऊस होता. पित्ताचा पत्ता नव्हता. मी परत येऊन सांगितलं की पडद्यावर सगळं बरोबर आहे.

“पडद्यावर असंल. कागदावर न्हाई.”

त्यांच्या टेबलावर त्याच आठवड्यात विज्ञानाचं पुस्तकही तपासायला होतं. दोन गठ्ठे शेजारी शेजारी. ठोक्यातून निघणारा कागद सलग पट्टीसारखा असतो, तो फाडून पानं वेगळी करतात, आणि शिवण्णानं तोवर दोन्ही पुस्तकं फाडलेली होती.

“पानं मिसळली नसतील ना, बाई?” मी हळूच विचारलं.

“मी फाडायच्या आधी वाचलंय. सलग कागद होता.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “आणि अर्ध्या ओळीत पान मिसळतं का गं?”

हा प्रश्न मला आज ऐकू येतो तेवढा त्या दिवशी आला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्याच वेळी मगदूमसाहेब आत आले. भूगोलाच्या एकशे चाळीस प्रती शनिवारी पोस्टात पडायला हव्या होत्या. परीक्षा मार्चात, आणि शाळांचे फोन डिसेंबरपासून सुरू. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, “मिसेस जाधव, कॉम्प्युटर काय म्हणतोय?”

आता माझ्याबद्दल. बारावीनंतर लग्न झालेली बाई मी. कॉम्प्युटर शिकले ते रद्दीवाल्याकडून आणलेल्या एका जाडजूड इंग्रजी पुस्तकावरून, मांडीवर डिक्शनरी घेऊन. क्लास नाही, सर्टिफिकेट नाही. त्यामुळे कुणी मला ‘कॉम्प्युटर काय म्हणतोय’ असं विचारलं की माझी मान आपोआप दोन इंच वर जायची.

आदल्या आठवड्यात, मंगळवारी, काम चालू असताना लाइट गेली होती. परत आल्यावर कॉम्प्युटरनं सुरू होताना स्वतःच स्वतःची तपासणी केली. निळा पडदा आला, पिवळी पट्टी सरकायला लागली. मध्ये एकदा थांबून त्यानं इंग्रजीत काहीतरी विचारलं, खाली ‘दुरुस्त करा’ अशा अर्थाचं बटण आधीच उजळलेलं होतं. मी एंटर दाबलं. पट्टी पुढे गेली. नंतर खात्री म्हणून मी तीच तपासणी पुन्हा चालवली, आणि शेवटी जी खिडकी आली तिचं चित्र छापून फाइलला लावून ठेवलं. तिच्यात लिहिलं होतं, एकही दोष आढळला नाही.

तो कागद मी साहेबांना दिला. कुणी न मागता दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला.

“झालं तर मग. गजराबाई, अहो, मशीननं अख्खी डिस्क तपासलीय. तुमच्याकडे गठ्ठे मिसळले असतील. हल्ली शुगरही वाढलीय ना तुमची? शुगरनं बोटं बधिर होतात, माझ्या मेव्हण्याचं तेच झालं.”

गजराबाई म्हणाल्या, एक प्रत नव्यानं ठोका, पान चाळीस ते पंचेचाळीस, आत्ताच कळंल.

“आता पुन्हा काय ठोकायचं? ठोक्याला गणिताचं पुस्तक लावलंय.”

त्या माझ्याकडे तोंड करून बसल्या. त्या कधी कुणाकडे चुकीच्या दिशेनं तोंड करत नसत. मी बोलेन याची वाट बघत होत्या. सहा पानं ठोकायला तीन मिनिटं लागली असती. मी म्हणाले, “रिपोर्ट तर स्वच्छ आहे, बाई.”

गजराबाईंनी उजव्या हाताचं बोट डाव्या हाताच्या अंगठ्यानं चोळलं. मग पुन्हा चोळलं. मी बावीस वर्षांच्या त्या बोटावर एका कागदाचं वजन ठेवलं होतं आणि ती बाई माझ्यादेखत आपल्याच बोटाला चाचपून बघत होती की हे जिवंत आहे का.

पुस्तकं शनिवारी गेली. पुढच्या बुधवारी ट्रस्टचं पत्र आलं. शाईचं, छापील, गजराबाईंच्या नावाचं. साहेब ते त्यांना स्वतः देऊ शकले असते. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की तुम्हीच वाचून दाखवा, तुमचं त्यांचं जमतं.

मी वाचून दाखवलं. सेवेबद्दल आभार होते, महिनाअखेर शेवटचा दिवस होता, पुढे तपासणीचं काम संगणकाद्वारे होईल असं होतं. मध्ये एक ओळ होती, ‘बोटांची संवेदना मंदावल्यामुळे आपल्या तपासणीवर विसंबणे संस्थेस शक्य नाही.’ ती मी गाळली. आवाज न अडखळता गाळली.

“एवढंच?”

“एवढंच.”

त्यांनी कागदाची घडी घातली, चार बोटांनी ती दाबून दाबून धारदार केली आणि पिशवीत ठेवली.

महिना संपला. त्यांची खुर्ची शिवण्णानं आपल्याकडे ओढून घेतली.

फेब्रुवारीत एक पाकीट आलं. अंधांचं टपाल, फुकट जाणारं म्हणून तिकीट नसलेलं, आत दोन जाड कागद नुसत्या ठिपक्यांचे. ते आवक ट्रेमध्ये पडलं आणि पडूनच राहिलं. मी येता जाता बघत होते. सहावा दिवस, आठवा दिवस. अकराव्या दिवशी माझ्या टाळक्यात शिरलं की ब्रेलच्या छापखान्यात ब्रेलमध्ये पत्र आलंय आणि ते वाचणारा एकही माणूस इथे नाही. जो होता त्याला आम्ही घरी पाठवलंय.

कपाटावर शाळांना फुकट वाटायचा तक्ता होता, कुठले ठिपके म्हणजे कुठलं अक्षर. तो काढला, पत्र खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं आणि पेन्सिलीनं एकेक अक्षर खाली लिहीत गेले. जेवणाची सुट्टी गेली, चहा आला, गार झाला. मला दोन कागदांना साडेतीन तास लागले. गजराबाईंना दोन मिनिटं लागली असती.

पत्र अंबाजोगाईकडच्या एका शाळेतल्या अफसाना पठाण नावाच्या मुलीचं होतं. तिनं लिहिलं होतं, ‘भूगोल पान एक्केचाळीसवर कृष्णा नदीनंतर पचनसंस्था आहे. चव्वेचाळीसपर्यंत तेच आहे. कृपया नदीची पानं पाठवावीत. आमच्या बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, छापून आलंय ते चुकीचं कसं असेल, आहे तसं पाठ कर. मी पाठ केलं आहे. परीक्षेला पस्तीस दिवस आहेत.’

‘मी पाठ केलं आहे’ ही ओळ मी तक्त्याशी तीनदा पडताळून पाहिली.

मग उठून मी ते केलं जे मला जानेवारीत तीन मिनिटांत करता आलं असतं. भूगोलाची ब्रेलची फाइल उघडली, खिळ्यांच्या डब्यासारखी दिसणारी, आणि विज्ञानाची उघडली. दोन खिडक्या शेजारी शेजारी लावल्या. वाचता येत नव्हतं, पण सारखेपणा ओळखायला वाचता यावं लागत नाही. दोन्हींत मध्येच एक सारखाच तुकडा होता, अक्षर न् अक्षर तोच. चार पानांएवढा.

मंगळवारच्या त्या तपासणीनं आपली एक नोंद डिस्कवर लिहून ठेवली होती. ती मी पहिल्यांदाच उघडली. आमच्या दोन फाइलींची नावं त्यात शेजारी शेजारी होती, आणि जो इंग्रजी शब्द होता तो डिक्शनरीत मिळेना. सांगलीला कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या नरवाड्यांना फोन लावला आणि नोंद वाचून दाखवली.

ते म्हणाले, “ताई, त्याचा अर्थ दोन्ही फाइली डिस्कवरची एकच जागा आपली म्हणून सांगत होत्या. लाइट गेल्यावर होतं असं. तुम्ही दुरुस्त म्हणालात, त्यानं त्या जागेतल्या मजकुराच्या दोन प्रती करून दोघींना एकेक देऊन टाकली. भांडण मिटलं.”

“पण मजकूर तर एकीचाच होता.”

“ते त्याला काय माहीत? तो फक्त कुणाचं घर कुठं आहे ते बघतो. घरात कोण बसलंय ते नाही बघत.”

“आणि मी नंतर पुन्हा चालवली तेव्हा?”

“तेव्हा भांडण नव्हतंच ना. मग दोष नाही म्हणणारच.”

मी फोन ठेवला. मशीनवर चिडता येईना. त्यानं मला विचारलं होतं, नावानिशी विचारलं होतं, आणि उत्तर लिहूनही ठेवलं होतं. न वाचता एंटर मी दाबलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या टेबलावर मी पत्र, माझं पेन्सिलीतलं मराठी आणि ती नोंद असे तीन कागद ठेवले आणि सांगितलं की चूक माझी आहे, गजराबाईंचं बोट बरोबर होतं, त्यांना परत बोलवा.

त्यांनी तिन्ही कागद सरळ एकावर एक रचले. म्हणाले, चार पानं दुरुस्त करून सगळ्यांना पाठवून द्या, शुद्धिपत्र म्हणून, गाजावाजा नको. गजराबाईंचा विषय मीटिंगमध्ये मंजूर झालाय, तो आता उकरायचा नाही. आणि मला समजावणीच्या सुरात म्हणाले, “अहो, एखाद्या वेळी बरोबर निघालं म्हणून बोट चांगलं ठरत नाही.”

मी घरकाम करताना भांडी आपटणारी बाई नाही. त्या संध्याकाळी माझ्या घरात एक पातेलं चेपलं.

चार पानं मी नव्यानं तयार केली. पाचवं पान माझं. ठोक्यावर एक प्रत काढली आणि रविवारी सकाळी जयसिंगपूरला गजराबाईंच्या दारात उभी राहिले.

त्या अंगणात खुर्चीला वेत विणत बसल्या होत्या. चपलेच्या आवाजावरून म्हणाल्या, “ये, हेमा.” मी कागद त्यांच्या मांडीवर ठेवला आणि सगळं सांगितलं. वीज, एंटर, दोन फाइली, अफसाना. त्या ऐकत ऐकत वाचत होत्या. एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस. बोट एकदाही मागे आलं नाही. मग पाचव्या पानावर गेलं आणि सावकाश झालं.

त्या पानावर मी लिहिलं होतं, ‘या पुस्तकातली चूक आमच्या तपासनीस गजरा कांबळे यांनी पुस्तक पाठवण्याआधीच बोटाने शोधून सांगितली होती. मी ती मानली नाही. त्यांचे बोट बधिर आहे असे सांगून त्यांना कामावरून काढले आहे. त्यांना कामावर घ्यावे असे वाटत असेल तर छापखान्याला कळवा. हेमलता जाधव, संगणक विभाग.’

“पानं बरोबर हायत,” त्या म्हणाल्या. “खालचं जास्तीचं हाय.”

“राहू दे ते.”

“बोट बधिर म्हणून काढलं, हे तुला कुणी सांगितलं? माझ्या कागदात तर तू वाचलं न्हाईस.”

मी खाली पडलेली वेताची काडी उचलून त्यांच्या हाताशी ठेवली.

“पुतण्यानं वाचलं त्याच रात्री. तू एक ओळ गिळलीस. मला वाईट वाटू नये म्हणून गिळलीस, ते कळलं मला. पण हेमा, दुसऱ्यानं गाळून दिलेलंच आम्ही जन्मभर ऐकतो गं. म्हणून तर बोटानं वाचायला शिकलो.” वेताची काडी त्यांनी घट्ट ओढली. “यंत्र चुकलं त्याचा मला राग न्हाई. पान तुझ्या हातात होतं. तुला डोळे हायत. तू रिपोर्ट वाचलास, पान न्हाई वाचलंस.”

चहा त्यांनी केला, पण साखर विचारली नाही. निघताना मी कागद उचलायला गेले तर त्यांनी पाचव्या पानावर हात ठेवला. वाटलं, काढून टाक म्हणतील.

“तिसऱ्या ओळीत ‘बधिर’चा एक ठिपका कमी हाय. छापायचंच तर नीट छाप.”

सोमवारी शुद्धिपत्राच्या प्रती साहेबांसमोर मंजुरीला ठेवल्या. त्यांनी वरचा संच हातात घेतला. पानं मोजली, पाच. मी म्हणाले, पाचवं शाळांसाठी सूचना आहे. त्यांनी एक पान खिडकीकडे धरून ठिपके नीट उठलेत का पाहिलं, समास पाहिला, कडा पाहिल्या.

“कॉम्प्युटरनं तपासलंय?”

“हो. एकही दोष नाही.”

त्यांनी कोपऱ्यात लिहिलं, ‘तपासले’, आणि खाली सही केली.

एकशे चाळीस संच गेले. अंबाजोगाईचा मी स्वतः रजिस्टर पोस्टानं पाठवला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात टपाल यायला लागलं. जाड पाकिटं, तिकीट नसलेली. एक दिवस तीन, मग सात, मग पोस्टमननं पोतंच आणून टेकवलं. मुलांची, मास्तरांची, पुण्याकडच्या कुठल्याशा संघटनेच्या अध्यक्षांचं. ट्रे भरला, टेबल भरलं. साहेबांनी एकेक पाकीट उघडून ठिपक्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“काय आहे हे सगळं?”

“ब्रेल आहे, साहेब.”

“ते दिसतंय. लिहिलंय काय?”

“मला एकाला साडेतीन तास लागतात,” मी म्हणाले. “ही साठ तरी असतील.”

त्यांनी एक दिवस कळ काढली. मग पुण्याहून ट्रस्टींचा फोन आला, संघटनेच्या पत्राला उत्तर का गेलं नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी ट्रस्टची जीप जयसिंगपूरला गेली.

गजराबाई इस्त्रीची साडी नेसून आल्या. शिवण्णानं न सांगता खुर्ची जागेवर आणून ठेवली. त्या बसल्या, पदर सारखा केला, पत्रांचा गठ्ठा पुढे ओढून घेतला. साहेब समोर उभे होते, उसनं हसू घेऊन. म्हणाले, या पत्रांत काय आहे तेवढं जरा सांगा.

गजराबाईंनी वरचं पत्र उलगडलं आणि बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. ते वरून खाली गेलं. कपाळावरची शीर हलली. मनातल्या मनात वाचून झालं. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं.

मग त्यांनी तोंड वर केलं. थेट साहेबांच्या दिशेनं.

“सगळं वाचू, का मधली ओळ गाळून वाचू?”

साहेबांना कळलं नाही. मला कळलं. माझी मान खाली गेली ती वर येईना.

“सगळं वाचा की,” ते म्हणाले.

“मग बसा,” गजराबाई म्हणाल्या. “येळ लागंल.”

आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं, स्वच्छ, एकही शब्द न गाळता, पत्रामागून पत्र. त्यांचं नाव प्रत्येकात होतं. दर वेळी नाव आलं की त्या किंचित थांबायच्या, पुन्हा त्याच नावावरून बोट फिरवायच्या आणि पुढे जायच्या. जेवणाची घंटा झाली. शिवण्णा उठला नाही. साहेबही उठले नाहीत, त्यांना उठता आलं नाही. अफसानाचं पत्र बाविसावं होतं. तिनं लिहिलं होतं, नदीची पानं मिळाली, पाठ झाली, आता पोटाची विसरायला जरा वेळ लागेल.

मी माझ्या टेबलावरून तक्ता काढला, गजराबाईंच्या शेजारी स्टूल ओढलं आणि वाचून झालेलं पहिलं पत्र माझ्याकडे घेतलं. डोळे मिटले. बोट ठेवलं. काहीच कळलं नाही, नुसती खरखर लागली.

वाचता वाचताच त्यांनी हात लांब केला, माझं बोट धरलं आणि एक ओळ वर सरकवलं.